मालव्याच्या जंगलातली शैवाकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या आसपास जंगलात फिरायला येणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. परिसर आपल्या ओळखीचाच आहे: चोरल, पातालपानी, जानापाव, रालामंडळ आणि पुढे मांडूपर्यंतचा विंध्याचा उतार. शैवाक म्हणजेच लायकेन. फोटोंसोबत दोन्ही शब्द येतात, म्हणून दोन्ही चालतील. कुठलंही उत्तर वेगळं वाचलं तरी कळावं असं लिहिलं आहे. जिथे एक विषय दुसऱ्याला लागून आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शैवाक म्हणजे नेमकं काय? शेवाळापेक्षा ते वेगळं कसं?

बुरशी आणि शैवाल यांनी मिळून उभा केलेला एक देह म्हणजे शैवाक. शैवालाच्या जागी कधी कधी नीलहरित जिवाणू असतात. देहाचा सांगाडा बुरशीचा असतो. पाणी शोषून घेणं, उन्हापासून आडोसा देणं आणि सालीला किंवा दगडाला चिकटून राहणं ही कामं तिची. आतला हिरवा सोबती उजेडात साखर तयार करतो आणि तिच्यावर दोघं जगतात. हा दुहेरी जीव आहे, असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या शेवटी मांडलं, तेव्हा त्या काळच्या बऱ्याच मोठ्या अभ्यासकांनी ते मानलं नाही.

पावसाळ्यात भिंतीवर वाढणाऱ्या शेवाळाला, म्हणजे मॉसला, जवळून पाहिलं तर बारीक पानं आणि देठ दिसतात. ती स्वतंत्र वनस्पती आहे. शैवाकाला पान, देठ, मूळ यांपैकी काहीच नसतं. जगात त्यांच्या सुमारे २०,००० जाती ज्ञात आहेत आणि भारतात तीन हजारांच्या आसपास.

२. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेच का? मग चोरलच्या जंगलातून आणून वापरलं तर?

हो, दगडफूल हे शैवाकच. सियागंजातल्या दुकानांत ते पत्थरफूल म्हणून मागावं लागतं. त्यात मुख्यतः पार्मोट्रिमा या प्रजातीची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि तिच्या नात्यातल्या इतर प्रजातींची पानासारखी पसरणारी शैवाकं मिसळलेली असतात. यातला बराच माल हिमालयाच्या उतारांवरून, बांजासारख्या (हिमालयातला ओक) झाडांच्या खोडाफांद्यांवरून गोळा होतो. उत्तराखंडातला माल रामनगर, टनकपूर इथल्या मंडयांतून देशभर जातो.

आपल्या जंगलातून मात्र आणू नका. पहिलं कारण असं की शैवाकाला मुळं नसल्यामुळे ते सगळं काही हवेतून, धुळीतून आणि पावसाच्या पाण्यातून घेतं. त्यासोबत शिसं, आर्सेनिक यांसारखे धातूही त्याच्यात साठत जातात. दुसरं म्हणजे त्याची वाढ फार सावकाश होते. पानासारखं शैवाक वर्षाला साधारण काही मिलिमीटरच सरकतं, म्हणजे तळहाताएवढा तुकडा उपटला की कित्येक वर्षांची वाढ गेली. तिसरं कारण कायद्याचं आहे, ते प्रश्न १४ मध्ये दिलं आहे.

३. खोडावरचा पांढरा डाग शैवाकाचा आहे की सालीचाच रंग आहे, हे कसं ओळखायचं?

डागावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. शैवाकाचा वरचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा थर दिसू लागतो. राखाडी डाग हिरवट झाला तर ते शैवाक. नखाने खरवडायची गरज पडत नाही.

आपल्या जंगलात दोन झाडं हमखास फसवतात. कांडोळाचं, म्हणजे कुल्लूचं खोड मुळातच पांढरं, गुळगुळीत असतं. त्याचे फोटो ‘केवढं मोठं शैवाक’ म्हणून दर उन्हाळ्यात येतात. दुसरी सालई, जिची साल कागदासारखे पापुद्रे सोडते. पानांवरचे किंवा कोवळ्या फांद्यांवरचे कापसासारखे पुंजके बहुतेक वेळा पिठ्या ढेकणाचे असतात. ते बोटाने पुसले जातात, शैवाक सहसा पुसलं जात नाही.

४. ताई, आमच्या अंगणातल्या आंब्याचं खोड या डागांनी भरलंय. झाड मरेल का? चुना लावू का?

झाड मरणार नाही. शैवाक सालीच्या वरच्या मृत थरावर बसतं. झाडाच्या रसवाहिन्यांपर्यंत ते पोहोचत नाही आणि झाडाकडून अन्नही घेत नाही. त्याला फक्त बसायला जागा हवी असते.

तरीही शंका येते, आणि त्यामागे खरं निरीक्षण असतं: वाळत चाललेल्या फांदीवर शैवाक जास्त दिसतं. तिथे क्रम उलटा आहे. फांदीची पानं आधी कमी होतात, मग उजेड वाढतो आणि त्या उजेडात शैवाक फोफावतं. फांदी का वाळते आहे याचं कारण मुळाशी, खोडकिड्यात किंवा पाण्याच्या निचऱ्यात शोधा. चुन्याने शैवाक जाईल, पण झाडाचं दुखणं तिथेच राहील.

५. शैवाकं पाहायची तर सह्याद्री नाहीतर हिमालय, असं ऐकलंय. आपल्या कोरड्या, पानझडीच्या जंगलात पाहण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. ही समजूत दूर व्हावी म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांत शैवाकांचं वैविध्य मुख्यतः सालीला घट्ट चिकटलेल्या, खपलीसारख्या जातींत असतं. त्या चालता चालता दिसत नाहीत. पापुआ न्यू गिनीत अभ्यासकांनी एकच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत तपासलं तेव्हा त्यावर शैवाकांच्या १७३ जाती सापडल्या. आपल्या साग-धावड्याच्या जंगलात एका झाडावर इतक्या जाती मिळणार नाहीत. पण पाहण्याची रीत तीच लागते. डोळा खोडापासून वीतभर अंतरावर न्यायचा आणि दहापट भिंग लावायचं.

मग काय दिसतं? गुळगुळीत सालीवर पांढरट पट्ट्यात काळ्या, वळणदार रेघा उमटलेल्या असतात, जणू जुन्या दप्तरातल्या मोडीचे फराटे. हे ग्राफिस आणि त्याचं कुळ. त्या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणू तयार करणारी फळं. आडोशाच्या सालीवर पिवळाधमक भुकटीसारखा थर दिसला तर तो क्रायसोथ्रिक्सचा असू शकतो. राखाडी, कडा पसरट पण सालीला घट्ट दाबून बसलेलं गोलाकार शैवाक पिक्सिनी किंवा डिरिनेरिया या प्रजातींचं असतं. सालीवर काळे पुटकुळ्यांसारखे ठिपके असले तर पायरेन्युला आणि तिच्या नात्यातल्या जाती डोळ्यांसमोर ठेवून पुढे तपासावं लागतं.

पानझडीमुळे इथे एक वेगळी गोष्ट घडते. सदाहरित जंगलात खोडाच्या तळाशी वर्षभर अंधार असतो, त्यामुळे ऊन सोसणाऱ्या जाती वरच्या फांद्यांवर राहतात आणि सावलीतल्या जाती खाली. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर छत उघडं पडतं आणि ऊन थेट खोडाच्या बुंध्यापर्यंत येतं. त्यामुळे तिकडे पंधरा-वीस मीटर उंचीवर असणाऱ्या ऊन सोसणाऱ्या कुळांतल्या प्रजाती आपल्याला इथे डोळ्यांच्या उंचीवर सापडतात. सावलीतल्या जाती बघायच्या असतील तर ओढ्याकाठी, दरीच्या उत्तरेकडच्या अंगाला, करंज-जांभळाच्या गर्दीत जावं लागतं. त्यासाठी चोरल आणि पातालपानीच्या घळी चांगल्या.

६. महाबळेश्वरला मावशीकडे गेलो होतो. तिथे फांद्यांवरून हिरवट धागे लोंबताना दिसले. तसे चोरलला का नाहीत?

ते बहुधा उस्निया असणार. अशी झुडपासारखी लोंबणारी शैवाकं हवेतला ओलावा सगळ्या अंगाने पितात आणि तितक्याच वेगाने सुकतात. म्हणून त्यांना नुसता पाऊस पुरत नाही, वारंवार धुकं लागतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, पाऊस ५,००० मिलिमीटरांच्या वर पडतो आणि ढग डोंगरावर टेकून राहतात. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, पाऊस हजार मिलिमीटरांच्या आत-बाहेर आणि तोही साडेतीन-चार महिन्यांत उरकतो. जानापाव साडेआठशे मीटरांच्या आसपास आहे. तिथे पावसाळ्यात ढग येतात, पण नंतरचे सात-आठ महिने कोरडेच जातात.

मध्य प्रदेशातच फरक पाहायचा असेल तर पचमढीला जा. धूपगड १,३५२ मीटर आहे. तिथल्या दमट घळींत आणि उंच कड्यांवर पानासारखी पसरणारी मोठी शैवाकं आपल्यापेक्षा कितीतरी सहज दिसतात. उंची वाढली की खपलीसारख्या जातींचं प्रमाण कमी होतं आणि पानासारख्या, झुडपासारख्या जाती वाढतात. उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवर हा क्रम पुन्हा पुन्हा आढळतो.

७. एका झाडावर शैवाकं गच्च आणि शेजारच्या झाडावर काहीच नाही. असं का?

याला एक कारण नसतं.

पहिली साल. ती गळत असेल तर शैवाक टिकत नाही. अर्जुन, पेरू, निलगिरी ही झाडं आपली साल सोडत राहतात आणि तिच्यासोबत वर बसलेलं सगळं जातं. सागाची साल पातळ पट्ट्यांनी सुटते, त्यामुळे सागावर जुनं, मोठं शैवाक क्वचितच मिळतं. आंब्याची साल खडबडीत आणि टिकाऊ असते, ती अनेक जातींना मानवते. सालीची आम्लता, ती पाणी किती वेळ धरून ठेवते, झाडाचं वय, खोडाचा कल, हे सगळं त्यात येतं. तिरप्या खोडाच्या वरच्या अंगावर पावसाचं पाणी वाहतं, खालचं अंग कोरडं राहतं, आणि दोन्हीकडे वेगळ्या जाती बसतात.

दुसरी आग. उन्हाळ्यात पालापाचोळ्याला लागणारी आग बुंध्याचा खालचा भाग भाजून काढते. गुडघ्यापर्यंत खोड बोडकं आणि त्यावर एकदम शैवाकं सुरू, असं दिसलं की तिथे आगीची खूण आहे असं समजा. मोहाच्या झाडाखाली हे विशेष दिसतं, कारण फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत आहे. मोहावर शैवाक वाढत नाही, असं एका मुलाने लिहून पाठवलं होतं. मोहाच्या वरच्या फांद्या पाहिल्या की ते खरं नाही हे कळतं.

तिसरं कारण पोहोचण्याचं. बऱ्याच जाती बुरशी आणि शैवाल एकत्र असलेले बारीक कण सोडतात. वारा, पावसाचे शिंतोडे, मुंग्या ते वाहून नेतात. हे कण सहसा फार लांब जात नाहीत. म्हणून एकाच वयाच्या सागाच्या लागवडीपेक्षा जुनी, वेगवेगळ्या सालींची झाडं असलेलं मिश्र जंगल जास्त समृद्ध असतं. तोड झाली तर झाडं पुन्हा लावता येतात, पण शैवाकांना परत येण्यासाठी जवळ कुठेतरी जुनी झाडं उरलेली असावी लागतात.

८. ४२-४३ अंशांच्या उन्हात ही जिवंत कशी राहतात?

सुकून. शैवाक पाणी राखून ठेवण्याचा प्रयत्नच करत नाही. हवा कोरडी झाली की तेही कोरडं होतं आणि त्याचं जगणं थांबून राहतं. या कोरड्या अवस्थेत ते प्रचंड उष्णता सोसतं. पुन्हा ओल मिळाली की काही मिनिटांत प्रकाशसंश्लेषण सुरू होतं.

यात एक बारकावा आहे, आणि शैवाकं कुठे राहतात हे समजायला तो फार उपयोगी पडतो. ज्यांच्यात हिरवं शैवाल असतं ती नुसत्या दमट हवेवरही जागी होतात. ज्यांच्यात नीलहरित जिवाणू असतात त्यांना प्रत्यक्ष पाणी लागतं. म्हणून लेप्टोजियम, कोलेमा अशी काळपट, ओली झाल्यावर जेलीसारखी फुगणारी शैवाकं पाणी झिरपणाऱ्या ठिकाणी शोधावीत.

९. खडकांवरची शैवाकं वेगळी असतात का?

बहुतांश वेगळी. मालव्याचा खडक म्हणजे काळा बेसॉल्ट, उन्हात तापणारा. त्यावर पेल्ट्युला प्रजातीची शैवाकं बसतात. लहान, तपकिरी-हिरवट, मध्यभागी दगडाला धरलेल्या टिकल्या असतात त्या. सोबतीला नीलहरित जिवाणू असल्याने पावसाचं पाणी ज्या ओघळातून वाहतं तिथेच त्यांची रांग लागते (कारण प्रश्न ८ मध्ये). मांडूच्या चुन्याच्या गिलाव्यावर आणि दगडी बांधकामावर आणखी निराळ्या जाती आहेत. तिथल्या शैवाकांत आर्सेनिक कसं साठतं यावर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी काम केलं आहे.

१०. मग जुन्या वास्तूंवरून ते काढून टाकायला नको का? आणि त्यावरून भिंतीचं वय सांगता येतं का?

बुरशीचे तंतू दगडाच्या फटींत शिरतात आणि तिच्यातून निघणारं ऑक्झॅलिक आम्ल खनिजं पोखरतं, हे खरं आहे. पण तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने घासलं तर तंतूंसोबत दगडाचा वरचा थरही निघतो. काय काढायचं आणि काय राहू द्यायचं हे पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांचं काम आहे. पर्यटकाने हात लावू नये. घराच्या जुन्या कौलांवर असेल तर राहू द्या.

वयाबद्दल: शैवाकाच्या व्यासावरून दगड कधी उघडा पडला ते ठरवण्याची पद्धत रोलंड बेशेल यांनी १९५० मध्ये मांडली. ती थंड प्रदेशात, हिमनद्यांच्या काठी वापरली जाते. त्यासाठी त्या ठिकाणची वाढीची गती आधी ठाऊक असावी लागते. नुसती पट्टी लावून मांडूच्या भिंतीचं वय काढू नका.

११. शैवाक आहे म्हणजे हवा शुद्ध, असं शाळेत शिकलो. मग इंदुरात गर्दीच्या रस्त्याकडेच्या झाडांवरही ते कसं?

शाळेत शिकलात त्याला आधार आहे. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातली शैवाकं नोंदवली आणि शहराच्या इतर भागांत ती नाहीत, याचा संबंध हवेशी जोडला. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड अनेक जातींना सोसत नाही.

पण सगळ्या जाती सारख्या नाजूक नसतात. पिक्सिनी कोकोएस ही जात भारतातल्या मैदानी शहरांत आंब्याच्या खोडांवर सर्रास आढळते आणि धूळ, वाहनांचा धूर बराच सोसते. धुळीने सालीची आम्लता घटते आणि नत्र वाढतं, तेव्हा अशा काही जाती उलट वाढतातही. म्हणून ‘आहे की नाही’ एवढं पाहून चालत नाही, ‘कोणतं आहे’ हे पाहावं लागतं. एकाच जातीने भरलेलं खोड आणि आठ-दहा जातींचं खोड यांचा अर्थ वेगळा.

शैवाक नसणं म्हणजेही प्रदूषण नव्हे. झाड नवं असेल, साल गळणारी असेल (प्रश्न ७), दाट सावली असेल. आणि आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारतात. त्या उंचीवर काहीही सापडणार नाही, मोजणी पट्ट्याच्या वर करावी.

१२. पाहायला कधी यावं? काय आणावं?

सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यात चांगले. दहापट भिंग, पाण्याची फवारणी बाटली, मोजपट्टी, वही. फोटो कोरडा आणि ओला असे दोन्ही काढा, कारण रंग पूर्ण बदलतो.

१३. फोटो पाठवला तर नाव सांगाल का?

प्रजातीपर्यंत बहुतेक वेळा सांगता येतं, जातीपर्यंत क्वचित. खपलीसारख्या शैवाकांचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार आणि त्यांतले कप्पे पाहावे लागतात. शिवाय रसायनांच्या चाचण्या असतात. पार्मोट्रिमा टिंक्टोरम या जातीच्या आतल्या पांढऱ्या थराला ब्लीचचा थेंब लावला की तो लाल होतो, कारण त्यात लेकॅनोरिक आम्ल असतं. काही जाती अतिनील उजेडात चमकतात. पिक्सिनी कोकोएस ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली पिवळी उजळते. अशी टॉर्च सहज मिळते आणि तिने शैवाकाला काही इजा होत नाही. डोळ्यांवर मात्र ती मारू नका.

फोटोसोबत झाड कोणतं, जमिनीपासून उंची किती, ऊन की सावली, एवढं लिहिलंत तर निम्मं काम होतं.

१४. नमुना घरी नेला तर चालतं का?

अभयारण्यातून नाही. रालामंडळ १९८९ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तिथून काहीही उचलता येत नाही. राखीव वनातही वन विभागाची लेखी परवानगी घ्या. व्यापारी वापर असेल तर २००२ चा जैवविविधता कायदाही लागू होतो. आपोआप गळून पडलेल्या फांदीवरचा नमुना अभ्यासाला पुरतो, त्यासाठीही अनुमती विचारूनच पुढे जा.

१५. बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मोजणी कशी करू?

एकाच जातीची, साधारण सारख्या घेराची, सरळ वाढलेली झाडं निवडा. जमिनीपासून एक मीटरवर सुरुवात करून १० × १० सेंटिमीटरच्या पाच चौकोनांची उभी शिडी खोडाला लावा. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चार बाजूंना चार शिड्या. मग एकूण वीस चौकोनांपैकी किती चौकोनांत एखादी जात दिसते, ती तिची वारंवारता. नाव येत नसेल तर ‘राखाडी क्र. १’, ‘काळ्या रेघांचं क्र. २’ असं तात्पुरतं नाव द्या आणि तेच शेवटपर्यंत पाळा.

जंगल आणि शहर यांची तुलना करणार असाल तर झाडाची जात दोन्हीकडे तीच ठेवा. जंगलातला धावडा आणि शहरातला गुलमोहर यांची तुलना केली तर फरक हवेचा की सालीचा हे कधीच कळणार नाही. पक्क्या ओळखीसाठी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचे मोठे संग्रह आहेत. आपल्या प्राध्यापकांमार्फत पत्र पाठवा.

१६. पातालपानीजवळ खोडांवर केशरी, मखमली थर दिसला. हे कोणतं शैवाक?

बहुधा शैवाक नाही. ते ट्रेंटेपोहलिया नावाचं स्वतंत्र वाढणारं शैवाल. हिरवंच, पण आतल्या केशरी रंगद्रव्यामुळे तसं दिसतं. गंमत अशी की ग्राफिससारख्या उष्ण कटिबंधातल्या कित्येक शैवाकांच्या आत हेच शैवाल सोबती म्हणून असतं. म्हणजे जो सोबती एका खोडावर मोकळा वाढतो आहे तोच शेजारच्या खोडावर बुरशीच्या आत बंद असू शकतो. केशरी थर पाण्याने रंग बदलत नाही आणि भिंगातून नुसते तंतू दिसतात, यावरून तो ओळखा.

१७. आपल्या जंगलात एकूण किती जाती आहेत, हा आकडा का देत नाही?

कारण जात कशाला म्हणायचं हेच अजून बदलतं आहे. अमेरिका खंडाच्या उष्ण भागात कोरा या शैवाकाची एकच जात आहे असं बराच काळ मानलं जात होतं. २०१४ मध्ये जनुकीय तपासणीतून तिथे १२६ जाती असल्याचं दाखवलं गेलं. २०१६ मध्ये काही शैवाकांच्या वरच्या थरात दुसऱ्या गटातली यीस्ट बुरशीही राहते असं आढळलं. याच्या उलटही होतं. काही शैवाकांत एकच बुरशी हिरव्या शैवालासोबत एक रूप घेते आणि नीलहरित जिवाणूंसोबत वेगळंच, आणि ती दोन रूपं दोन जाती म्हणून नोंदली जातात. शैवाकाचं शास्त्रीय नाव बुरशीचं असल्याने ती नंतर एकाच नावाखाली आणावी लागतात.

१८. आमच्या शैवाकावर काळे ठिपके आलेत, कडेला ते विरतंय. रोग आहे का?

शैवाकावर जगणाऱ्या वेगळ्या बुरशी असतात, त्यांपैकी एखादी असेल. गोगलगायी आणि काही पतंगांच्या अळ्याही शैवाक खातात, तेव्हा कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. निखार पक्षी घरट्याला बाहेरून शैवाकाचे तुकडे लावतो, त्यामुळे ते फांदीच्या गाठीसारखं दिसून लपून जातं. यातलं काहीही थांबवायला जाऊ नका. महिन्याभराने तोच डाग, मोजपट्टी बाजूला ठेवून, पुन्हा टिपा आणि दोन्ही फोटो एकत्र पाठवा.